पिंजण

नागपुरात राहून कपडे वाळवायचं मशीन घेतलं असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग वर, सूर्याकडे. त्यांचं चूक नाही. मे महिन्यात आमच्या गच्चीवर चादर टाकून जिना उतरावा, हातपाय धुवावेत आणि परत वर जावं, तर ती पापडासारखी कडक झालेली असते. नवतपात पारा ४५ च्या पुढे गेला की माणूस वाळतो, तिथं चादरीचं काय. शेजारच्या काकूंनी तर सरळ विचारलं, "अवो, तुमच्या वॉशिंग मशीनले ड्रायर हायेच ना? मंग अजून एक कायले?"

त्यांच्याही म्हणण्यात दम होता. आपल्याकडे ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकचं ते दुसरं, लहान टोपलं. कपडे गरगर फिरवून पाणी झटकणारं आणि मध्येच तोल गेला की मोरीभर नाचणारं. पण पाणी निथळणं वेगळं आणि कपडा वाळणं वेगळं. हा फरक आठ महिने कुणाच्या लक्षात येत नाही. तो जूनच्या मध्यावर, पहिल्या झडीत, नाकाने कळतो.

आमच्या घरी तो जरा जास्तच कळायचा, कारण आई अंथरुणावर आहे. दोन वर्षं झाली. दिवसाला दोन चादरी, कधी तीन, शिवाय खालची जाड घडी, गाऊन, टॉवेल. उन्हाळ्यात मी सकाळी धुते आणि अकराला घड्या घालते. पावसाळ्यात मात्र अख्खं घर चादरींनी भरायचं. दारावर चादर, डायनिंगच्या खुर्च्यांवर चादर, टीव्हीसमोर दोरी आणि दोरीवर चादर. पंखे दिवसरात्र चालू आणि तरी रात्री घडी उलगडली की तो आंबूस वास. पडून असलेल्या माणसाच्या पाठीखाली दमट कापड गेलं की कातडी दोन दिवसांत बोलायला लागते. पहिल्या पावसाळ्यात आईच्या कंबरेपाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला त्या दिवशी मी मशीन घ्यायचं ठरवलं. आतल्या ड्रममधून गरम हवा फिरवून ती पाइपाने खिडकीबाहेर सोडणारं, साधं, विजेवरचं. लोक हसले. हसू दे.

तर ते मशीन दुसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, गार पडलं.

बंद पडलं नाही, हे महत्त्वाचं. बंद पडलेल्या मशीनचं निदान कुणीही करतो. ह्याचा ड्रम फिरत होता, आतला दिवा लागत होता, पंखा घरघरत होता, पडद्यावरचा वेळ इमानदारीने उलटा मोजला जात होता. दीड तासाने टुणटुण वाजलं. दार उघडून आत हात घातला तर चादरी थंडगार. ओल्या म्हणाव्यात तर हाताला पाणी नाही, वाळल्या म्हणाव्यात तर घडी घालवत नाही. भिजत आलेल्या पोराच्या दप्तरासारख्या. सरकारी कचेरीत जसं खिडकी उघडी, पंखा चालू, साहेबही खुर्चीत, फक्त काम तेवढं होत नाही, तसं झालं होतं.

नागपूरचा माणूस जन्मतः अर्धा कूलर मेकॅनिक असतो. मीही आहे. एप्रिल लागला की कूलर माळ्यावरून काढायचा, टाकीचा गंज खरवडून रंग मारायचा, जुनं गवत टाकून नवं भरायचं, मोटर अडखळली तर कंडेन्सर बदलायचा, पंपात अडकलेला शेवाळाचा गोळा काडीने काढायचा. हे मी लग्नाआधीपासून करते आहे. नवरा चंद्रपूरला नोकरीला असतो, शनिवारी येतो, त्यामुळे घरातल्या मोटरी माझ्याकडेच. पाण्याजवळची वीज हा काय प्रकार असतो तेही ठाऊक आहे. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येते. म्हणून आमच्या घरी नियम आहे: बटण बंद करणं म्हणजे बंद नव्हे. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवायचा, मगच हात लावायचा.

पण कूलर आणि ड्रायर हे एकमेकांचे उलटे भाऊ आहेत हे मात्र मला त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट समजलं. दोघांचं काम एकच, पाण्याची वाफ करणं. एक किलो पाण्याची वाफ करायची तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. आपल्या भाषेत युनिटचा दोन-तृतीयांश हिस्सा. कूलरमध्ये ही उष्णता हवेच्या खिशातून जाते, म्हणून हवा गार होते. ड्रायरमध्ये ती हीटर देतो. ऑगस्टमध्ये कूलर का चालत नाही? हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तिला आणखी पाणी घ्यायला जागाच नसते. चादरी दोरीवर का वाळत नाहीत? त्याच कारणाने. हीटर तापला नाही तर ड्रायर म्हणजे दमट चादरींवर दमट हवा मारणारा महागडा पंखा.

मी एकदा हौसेने सगळं वजन करून पाहिलं होतं. मशीनमधून पिळून निघालेल्या चादरी, गाऊन, टॉवेल मिळून ५ किलो २०० ग्रॅम. वाळल्यावर ३ किलो ४००. म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम पाणी हवेत पाठवायचं. सव्वा युनिट तर निव्वळ त्या पाण्याचं देणं झालं. ड्रम फिरवणं, पत्रा तापवणं, खिडकीबाहेर फुकट जाणारी ऊब हे सगळं धरून दोनच्या वर जातात. कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा जाळायचा, तारेने ती आच इथवर आणायची आणि चार महिन्यांपूर्वी जे ऊन नकोसं होतं त्याची नक्कल ड्रममध्ये करायची. विचार केला की वेडेपणा वाटतो. आईची पाठ पाहिली की वाटत नाही.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. बूट दाराबाहेर काढले, मशीन लावलं, दहा मिनिटं दारात हात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, कार्ड गेलं." मागचा पत्रा त्याने उघडला नाही. कार्ड म्हणजे आतलं सर्किट. किंमत ऐकून मी त्याला चहा दिला आणि विचार करून सांगते म्हटलं. कार्ड गेलं हे वाक्य हल्ली डॉक्टरांच्या 'व्हायरल आहे' सारखं झालंय. कधी खरंही असतं. पण ज्याने पोटाला हात लावला नाही त्याच्या निदानाला पैसे मोजायचे तर आधी आपण तरी हात लावून पाहावा.

रात्री आई झोपल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघितले. बहुतेक अमेरिकेतले. तिथं घरोघरी ड्रायर, आणि घरोघरी न तापणारा ड्रायर. सगळे आधी एकच सांगतात: ब्रेकर बघा. मी उठून डीबी, म्हणजे ब्रेकरची पेटी, उघडलीही. मग लक्षात आलं की त्यांचं दुखणं वेगळं आहे. तिकडे ड्रायरला २४० व्होल्ट दोन वीजवाहू तारांनी येतात. मोटर एका तारेवर, १२० वर चालते, हीटरला मात्र दोन्ही लागतात. एक बाजू पडली की ड्रम फिरतो आणि ऊब नसते. आपल्याकडे सिंगल फेज, २३० व्होल्ट, एकच वीजवाहू तार. ड्रम फिरला म्हणजे वीज आली. अर्धी वीज येण्याची आपल्याकडे सोय नाही.

फक्त कमी येण्याची आहे. आणि ती कमतरता हीटरला फार जाणवते. आमचा हीटर मी नंतर मोजला, २५.८ ओहम. २३० व्होल्टला तो साधारण २,०५० वॅट देतो. व्होल्टेज १९० वर उतरलं तर १,४०० च. व्होल्टेज सहाव्या हिश्शाने कमी झालं तर ऊब तिसऱ्या हिश्शाने गेली, कारण हिशोबात व्होल्टेजचा वर्ग येतो. त्या रात्री मीटरवर २२४ दिसत होते. म्हणजे तिथंही गुन्हेगार नव्हता.

शुक्रवारी दुपारी मागचा पत्रा उघडला. आईकडे येणारी ताई बॅटरी धरून उभी. "ताई, बिघडलं तर?" असं तिने तीनदा विचारलं. बिघडलेलंच आहे, म्हटलं. प्लग काढून टेबलावर, तिच्यासमोर. मशीन भिंतीपासून ओढताना माझे टोंगळे बोलले. आठ स्क्रू, त्यातला एक असा गुळगुळीत की रबर लावून फिरवावा लागला. कुठलीही तार काढायच्या आधी मोबाइलवर चार फोटो. हा धडा मी कूलरच्या तीन तारा उलटसुलट जोडून शिकलेली आहे.

आत पाहिलं तर कूलरपेक्षा सोपं. एका पत्र्याच्या डब्यात स्प्रिंगसारखी वेटोळी तार, तो हीटर. डब्याच्या अंगावर रुपयाएवढी चकती, तो थर्मोस्टॅट. तिच्या आत दोन धातूंची पातळ थाळी असते. तापली की वाकते आणि वीज तोडते, गार झाली की टक् करून परत जागेवर येते. आणि थोड्या अंतरावर शेंगदाण्याएवढा एक पांढरा तुकडा, दोन पायांचा. थर्मल फ्यूज. ह्याच्या पोटात ठराविक तापमानाला वितळणारी गोळी असते. ती वितळली की वीज तुटते, आणि ही परत जागेवर येत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे रागावून बसणारा माणूस, समजूत काढली की बोलायला लागतो. हा फ्यूज एकदाच बोलतो.

मीटर ओहमवर लावला. प्रत्येक वस्तूची एक तार मोकळी करून मगच मोजायचं, नाहीतर वीज दुसऱ्या वाटेने फिरून येते आणि मीटर खोटं सांगतो. हीटर: २५.८, शाबूत. हीटर ते पत्रा: काही नाही, म्हणजे अंगाला लागलेला नाही. हे पाहणं विसरू नये. आकडा चांगला आला तरी तार कुठे तरी पत्र्याला टेकलेली असू शकते. थर्मोस्टॅट: जुळलेला. मग तो पांढरा तुकडा. एका पायाला लाल टोक, दुसऱ्याला काळं. मीटरवरचा आकडा हलला नाही. टोकं घासून परत लावली. तोच एकाकी १ डाव्या कोपऱ्यात बसून राहिला. ताई म्हणाली, "मेला?" मेला, म्हटलं. आणि खरं सांगते, कुणी तरी मेल्याचा इतका आनंद मला आधी झाला नव्हता. काही मशीनांत हा फ्यूज उडाला की ड्रमसुद्धा फिरत नाही. आमच्यात तो फक्त हीटरच्या वाटेवर होता, म्हणून सगळं चालू आणि ऊब नाही.

गल्लीतल्या कूलरवाल्या भाऊला दाखवला. त्याने तो बोटांत फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, याचं काय टेन्शन घेता? डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट म्हणजे फ्यूज काढून टाकायचा आणि दोन तारा एकमेकींना पिळून द्यायच्या. आपल्या देशातलं अर्धं जग डायरेक्टवर चाललंय. गीझर डायरेक्ट, इस्त्री डायरेक्ट. मी नाही म्हटलं. त्याला ते थोडं लागलंही असावं. पण मला त्या क्षणी बाबा आठवले होते.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, सूत खात्यात. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ही गिरणी सुरू केली, म्हणून नाव एम्प्रेस. गिरणी गेली, तिथं आता मॉल आहे, शुक्रवारी तलाव तेवढा बाजूला तसाच. माझ्या लहानपणी पाळी सुटली की बाबा घरी यायचे ते म्हातारे होऊन. भुवया पांढऱ्या, कानांवरचे केस पांढरे, मिशीला कापूस. आई दाराशीच टॉवेलने त्यांना झटकायची आणि ते परत पस्तीस वर्षांचे व्हायचे. त्या उडत्या कापसाला आमच्या घरी 'पिंजण' म्हणायचे. बरोबर शब्द असेल नसेल, आमचा तोच.

बाबा सांगायचे की नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून टाटांनी गिरणीत हवा ओली ठेवायची यंत्रं बसवली होती, आणि आगीसाठी छताला पाण्याचे फवारे. बाहेर मे महिना आणि आत दमट श्रावण. सूत टिकावं म्हणून हवेला पाणी पाजायचं, आणि आता त्याच गावात त्यांची लेक चादर वाळावी म्हणून कापडातून पाणी काढत बसली आहे. आग कशाला लागते हेही ते सांगायचे. गाठींना नव्हे. दाबलेली गाठ धुमसत राहते. भडकते ती पिंजण. कोपऱ्यात, पट्ट्याखाली, यंत्राच्या सांदीत जमलेली, हलकी, हवा भरलेली. ठिणगी पडायचा अवकाश. "गाठ जळाले घंटा लागते, पिंजण जळाले डोळा लवाचा येळ." हे ते आम्हाला दिवाळीत फुलबाज्या देताना सांगायचे, त्यामुळे पाठ आहे.

शनिवारी बर्डीवर गेले, मोदी नंबरच्या गल्ल्यांत. तीन दुकानं फिरले. पहिल्याने गीझरचा फ्यूज पुढे केला, "हाच लागते." दुसऱ्याने राइस कुकरचा. दिसायला सगळे सारखेच असतात. फरक त्याच्या अंगावर कोरलेल्या बारीक आकड्यांत. एक आकडा तापमानाचा, दुसरा अँपिअरचा. भिंग घेऊन वाचायचे आणि दोन्ही जुळले तरच घ्यायचे. जास्त तापमानाचा लावला तर ज्याच्यासाठी तो आहे ते कामच तो करणार नाही, कमीचा लावला तर दर आठवड्याला उडेल. तिसरा दुकानदार भला माणूस, तो म्हणाला, "माझ्याकडे नाही, पण मशीनच्या नंबरावरून मागवा. आणि मागवता तर थर्मोस्टॅटही मागवा. जोडीनंच बदलतात." ऑनलाइन मागवला. आठ दिवस.

ते आठ दिवस आम्ही कूलरवर काढले. हा नागपूरचा जुना पावसाळी इलाज: टाकी कोरडी, पंप बंद, नुसता पंखा पूर्ण वेगात, समोर दोरी, दोरीवर चादर. घरात विमान उतरल्याचा आवाज. चादर पाच तासांत पंचाहत्तर टक्के वाळते, उरलेले पंचवीस टक्के मी इस्त्रीने काढायची.

आईला सगळं दिसत असतं. बोलते कमी. कधी दिवसभर बोलत नाही, आणि कधी अचानक चाळीस वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी बारशाबद्दल विचारते. त्या दिवशी कूलरच्या आवाजात मला वाटलं ती काही म्हणाली. बंद करून जवळ गेले.

"काय झालं वं त्याले?"

"कोणाले?"

"त्या डब्याले."

"गरम नाही होऊन राहिलं, आई. फ्यूज उडाला त्याचा."

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाक चोंदलं असन."

मी हो म्हणून कूलर परत लावला. चादर उलटी केली. आणि दोरीपाशीच थांबले. फ्यूज उडाला हे मी शोधलं होतं. का उडाला हे मी विचारलंच नव्हतं. तो म्हातारपणाने मरत नाही. त्याच्याभोवती उष्णता साचली म्हणून मरतो. आणि उष्णता साचते कधी, तर हवा पुढे सरकत नाही तेव्हा. मशीन तापत नव्हतं ते आधी फार तापलं म्हणून. आणि आता आठवून पाहिलं तर गेला महिनाभर ते सांगतच होतं. सव्वा तासाचं काम दीड तासावर गेलं, मग पावणेदोनवर. मी काय केलं? वेळ वाढवत गेले. पाऊस जास्त आहे ना यंदा, असं स्वतःला सांगून.

आधी दारातली जाळी काढली. ती तर मी दर खेपेला साफ करते. बोटाने कडेपासून ओढलं की करड्या गोधडीसारखी एक पट्टी निघून येते, मला ते करायला आवडतंही. जाळी उजेडाकडे धरली, स्वच्छ. एका व्हिडिओत पाहिलं होतं म्हणून नळाखाली धरली. आणि पाणी खाली गेलं नाही. त्या बारीक, स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या जाळीवर पाणी उभं राहिलं. तळहातावर घ्यावं तसं. जरा तिरकी केली तर ते थेंब बनून कडेने घरंगळलं, जाळीतून नाही.

आईच्या चादरी मऊ राहाव्यात म्हणून मी उन्हाळ्यापासून शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालत होते, बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा एक झाकण जास्तच. त्याचा मेणकट पापुद्रा कपड्यावरून उठून जाळीवर बसत गेला होता. डोळ्याला दिसत नाही, हवेला दिसतो. जुना दातांचा ब्रश, भांड्यांचा साबण, गरम पाणी. पाच मिनिटं घासल्यावर पाणी धो धो खाली गेलं. ताई म्हणाली, "अरे बाप्पा, चाळणीच झाली."

मग पाइप. ॲल्युमिनियमचा, चार इंची, अकॉर्डियनसारखा. मशीन भिंतीला चिकटवताना मीच तो मागे चेपला होता, मध्ये एके ठिकाणी चपटा. तो वाकवून सरळ केला. आणि शेवटी खिडकीबाहेरचं तोंड. तिथं मी गेल्या वर्षी मच्छरदाणीचं कापड बांधलं होतं. डेंग्यूचे दिवस, त्यात आई खाटेवर, मच्छर त्या पाइपातून आत येतील अशी मला भीती. रबरबँडने, दोनदा गुंडाळून, घट्ट. ते सोडलं तर कापडाच्या आतल्या अंगाला तळहाताएवढी जाड पिंजण. ओली, करडी, नमद्यासारखी दाबलेली. ती ओढली तर मागून आणखी आली, मग आणखी. पाइपातून कोपरापर्यंत हात घालून मी ती काढत राहिले, जादूगार टोपीतून रुमाल काढतो तशी. अर्धी बादली झाली. हवा सोडायच्या तोंडावर कधीही जाळी लावू नये, असं जो तो सांगतो. ऐकणाऱ्याच्या घरी आई खाटेवर नसते. आता तिथं पत्र्याची झडप आहे, हवा आली की उघडते, नाहीतर मिटलेली.

त्या भाऊचं डायरेक्ट मी ऐकलं असतं तर? अर्धी बादली पिंजण, शेजारी लाल झालेला हीटर, आणि तोडायला कुणी नाही. पलीकडच्या खोलीत उठता न येणारं माणूस. त्या दिवशी मी तो उडालेला फ्यूज कचऱ्यातून उचलून डबीत ठेवला.

मध्ये पोळा होऊन गेला. दुसऱ्या दिवशी मारबत, इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची नागपूरची मिरवणूक. ताई इतवारीकडची, ती त्या दिवशी येत नाही, तिच्या घरासमोरूनच गर्दी जाते. आईला मी टीव्हीवर लावून दिलं. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, गुलाल, आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी. आई एकटक बघत होती. लग्न होऊन आली तेव्हा बाबांनी तिला खांद्याला खांदा लागणाऱ्या गर्दीत उभं करून पहिली मारबत दाखवली होती, हे ती दर वर्षी सांगायची. या वर्षी सांगितलं नाही. मी वाट पाहिली.

पार्सल सोमवारी आलं. फ्यूज आणि थर्मोस्टॅट मिळून कंपनीच्या कार्डाच्या वीसाव्या हिश्शात. फोटो बघून तारा लावल्या, दोनदा तपासल्या, मीटरवर फ्यूज या वेळी बोलला. पत्रा, आठ स्क्रू, तो गुळगुळीत नवा आणून लावला. प्लग. ताईला खिडकीबाहेर हात धरून उभं केलं. ड्रम फिरला. एक मिनिट. दोन. "येऊन राहिली!" ती बाहेरून ओरडली. "गरम येऊन राहिली ताई, भसाभसा!" सव्वा तासाने चादरी निघाल्या, दोन मिनिटं कमीच.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. पाइपातून काढलेली ती पिंजण मी बादलीत तशीच ठेवली होती, वाळल्यावर टाकू म्हणून. वरचा थर वाळून फुलला होता. आईची चादर बदलताना बादली खाटेजवळ होती. मी उशी घ्यायला वळले आणि परत पाहिलं तर तिच्या हातात मूठभर पिंजण. मी म्हटलं, आई, घाण आहे ती. तिने ऐकलं नाही. डाव्या तळहातावर चिमूटभर घेतली, उजव्या अंगठ्याने ओढली, लांबवली, आणि मांडी नाही म्हणून चादरीवरच हाताने वळली. वात. कार्तिक महिन्यात लाखभर वळायची ती. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू सहा महिन्यांत तिने एकदाही दाबला नव्हता, फिजिओवाली कंटाळून गेली होती. आणि इथं बोटं आपली आपण चालली होती. एक वात झाली, वाकडी. दुसरी जरा बरी.

त्या वाती देवापुढे लावता येत नाहीत. अर्ध्याहून जास्त टेरिकॉट आहे त्यात, लावली तर काळा धूर आणि प्लॅस्टिकचा वास. तिला हे सांगायची गरज पडली नाही. तिसरी वात मध्येच तुटली तेव्हा तिने उरलेली पिंजण चिमटीत धरली, उजेडाकडे नेली, दोन बोटांनी हळू ओढून पाहिली, जशी बाबा बाजारात कापूस बघताना ओढायचे तशी, आणि तोंड वाकडं केलं.

"आखूड धाग्याचा हाय वं," ती म्हणाली. "पैसे कमी दे त्याले."